उकाडा बाहेरचा आणि आतला

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पंचेचाळिशीतल्या बाईच्या अंगातून निघणाऱ्या वाफांकडे कोण लक्ष देणार? घाम आला तो उन्हामुळे, झोप उडाली ती उकाड्याने, चिडचीड झाली ती वीज गेल्यामुळे. घरच्यांकडे उत्तर तयार असते आणि बहुतेकदा त्या बाईलाही तेच पटलेले असते. पण छाती-मानेतून एकाएकी चढणारी आणि काही मिनिटांत ओसरणारी ही धग धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे, पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असतानाही येते. ती उन्हाची नसते. पाळी जाण्याच्या काळात अंडाशयांतून येणारे इस्ट्रोजेन घटते, मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र त्यामुळे हळवे होते आणि थोड्याशा बदलानेही शरीर घाम काढू लागते.

पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी ५१ व्या वर्षी जाते, भारतात ती ४६-४७ च्या सुमारास जाते. म्हणजे इथल्या बाईच्या आयुष्यातली इस्ट्रोजेनविना जाणारी वर्षे लवकर सुरू होतात. वाफा काही वर्षांनी कमी होतात, मात्र हाडांची झीज, योनिमार्गाचा कोरडेपणा आणि लघवीच्या तक्रारी मागे राहतात. हा आजार नाही हे खरे, पण म्हणून तो मुकाट्याने सोसायचा असेही नाही.

सोसणे हा एक मार्ग आणि बाजाराने दाखवलेला दुसरा. ‘तारुण्य परत’, ‘नैसर्गिक संप्रेरके’ अशा शब्दांत महानगरांतील दवाखान्यांच्या जाहिराती आता खेड्यातल्या मोबाइलवरही पोहोचतात. त्यांत ‘पेलेट’ उपचाराचे नाव वारंवार येते. तांदळाच्या दाण्याएवढी इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉनची घट्ट गोळी, जागा बधिर करून लहानशा छेदातून कुल्ल्याच्या वरच्या बाजूला कातडीखाली बसवली जाते. ती तीन ते सहा महिने झिरपत राहते. रोज गोळी घेण्याची कटकट नाही, हे तिचे आकर्षण. ही कल्पना नवी नाही. १९३० च्या दशकापासून ती वापरात आहे.

अडचण संप्रेरकाची नाही, ते देण्याच्या पद्धतीची आहे. तोंडाने घ्यायची गोळी त्रास झाला तर उद्यापासून बंद करता येते, जेलचे प्रमाण कमी करता येते. कातडीखाली गेलेला दाणा सहजासहजी बाहेर काढता येत नाही. मात्रा जास्त झाली, तर तो विरघळून संपेपर्यंत महिनोन्‌महिने ती भोगावी लागते. बाईला टेस्टोस्टेरॉन जास्त झाले, तर चेहऱ्यावर लव वाढते, मुरुमे येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि आवाज घोगरा होतो. हा आवाज पुढे पूर्ववत होईलच असे नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी एकाही पेलेटला मान्यता दिलेली नाही. तिथे स्त्रियांना बसवले जाणारे पेलेट मागणीप्रमाणे बनवून घेतलेले असतात आणि प्रत्येक दाण्यातील मात्रेची हमी कारखान्यातल्या औषधासारखी नसते. स्त्रियांमधील टेस्टोस्टेरॉनवर २०१९ मध्ये जगभरातील तज्ज्ञ संघटनांनी मिळून भूमिका घेतली. तीत लैंगिक इच्छा कमी झाल्याने त्रास होत असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रिया हे एकमेव कारण मान्य झाले आणि रक्तातील पातळी नैसर्गिक मर्यादेच्या वर नेणारे पेलेट नाकारले गेले.

मग संप्रेरके घ्यायचीच नाहीत का? ही भीती २००२ मधली. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अमेरिकी अभ्यासात १६,६०८ स्त्रिया होत्या. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांमध्ये वर्षाला दर दहा हजारांमागे स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त आढळले आणि तो भाग थांबवण्यात आला. जगभर डॉक्टरांनी औषधे बंद केली. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. वाफांनी हैराण झालेल्या ४८ वर्षांच्या बाईचे चित्र त्यात नव्हते. पुढच्या विश्लेषणांतून स्पष्ट झाले की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी उपचार सुरू केले, तर बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा लाभ अधिक असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने या औषधांवरील ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. हा दिलासा मान्यताप्राप्त गोळ्या, जेल आणि पट्ट्यांना आहे. जाहिरातदार तो पेलेटच्या खात्यावर जमा करतील, तेव्हा वाचकांनी सावध राहावे.

खान्देशात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चाळीसगाव, साक्री भागातून ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या टोळ्या जुन्या आहेत. पाळीचा खाडा परवडत नाही, अंगावरून जाते, पोट दुखते आणि मग कुणीतरी सुचवते, ‘पिशवी काढून टाका’. बीडमध्ये हे किती वाढले होते, ते २०१९ मध्ये उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांमागे एक. त्यातल्या अनेकी चाळिशीच्या आतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळी जाण्याचे सारे परिणाम रातोरात सुरू होतात. अंडाशये ठेवली तरी ती काही वर्षे आधी थकण्याची शक्यता असते. पस्तिशीत अंडाशये गेलेल्या बाईला, स्तनाचा कर्करोग यासारखी आडकाठी नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे हा मान्य उपचार आहे. प्रत्यक्षात तिच्या हाती कॅल्शियमच्या गोळ्या पडतात. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना सांगितले. बीडमध्ये झाली तशी मोजणी खान्देशातील टोळ्यांतही व्हायला हवी.

पुरुषही या बाजाराचे गिऱ्हाईक आहेत. त्यांचे टेस्टोस्टेरॉन एकाएकी संपत नाही. तिशी-चाळिशीनंतर ते वर्षाला साधारण एक टक्का उतरते. थकवा आला म्हणून ते कमी झालेच असे नाही. लक्षणे हवीत आणि सकाळी दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तपासणीत पातळी कमी यायला हवी. पोटाचा घेर आणि मधुमेह यांनीही ती घसरते. अशा वेळी वजन उतरवणे हाच पहिला उपचार. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शुक्रजंतू बनणे मंदावते किंवा थांबते, हे मूल हवे असलेल्या तरुणाला कुणीतरी आधी सांगायला हवे.

जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी आठवड्यातला एक ठरावीक दिवस पाळी जाण्याच्या तक्रारींसाठी ठेवणे अवघड नाही. गरोदर बाईची नोंद ठेवणाऱ्या आशाताईंनी चाळिशी ओलांडलेल्या बाईलाही दोन प्रश्न विचारावेत आणि इस्ट्रोजेनची साधी गोळी सरकारी औषध खिडकीवर मिळावी. हे झाले नाही, तर ती जागा जाहिरात भरून काढेल.

तोवर प्रत्येकीने एवढे लक्षात ठेवावे. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटे घ्यायचे नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागते. नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. स्तनाचा कर्करोग, रक्तात गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा आजार झाला असेल तर ते आधी डॉक्टरांना सांगावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर गेले, तर ते एकदाच आणि थोडेसे असले तरी तपासणी टाळू नये. आणि कुणी कातडीखाली दाणा बसवायला निघाले, तर एकच प्रश्न विचारावा : मात्रा जास्त झाली, तर तो काढणार कसा? याचे सरळ उत्तर मिळाले नाही, तर घरी परतण्यात शहाणपण आहे.