ढोलकीवाल्याला नाव असते

नरक चतुर्दशीची पहाट. अंगाला उटण्याचा वास, डोळ्यांत अर्धी झोप, आणि आपण सहकुटुंब सहपरिवार गाण्याच्या कार्यक्रमाला जाऊन बसलेले असतो. दारात मनगटाला अत्तर लावतात आणि हातात कार्यक्रमपत्रिका देतात. ती पत्रिका यंदा जरा निरखून पाहा. वरच्या अंगाला गायक-गायिकांची हसरी छायाचित्रे. त्याखाली निवेदकाचे नाव. मग प्रायोजक म्हणून एक सराफ, एक बँक, एक घरे बांधणारा आणि एक मिठाईवाला. आणि सगळ्यांत तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'साथसंगत'. कधी कधी तेवढेही श्रम घेतलेले नसतात. 'साथीला नामवंत वादक' एवढ्यावर भागवलेले असते. आता नामवंत म्हणजे ज्याला नाव आहे तो! नाव आहे हे छापायचे आणि नाव मात्र छापायचे नाही, ही युक्ती ज्याने प्रथम काढली त्याला खरोखर शाल-श्रीफळ दिले पाहिजे.

माझे भांडण त्या ओळीशी आहे. सणासुदीला भांडण उकरून काढतो म्हणून घरची मंडळी मला बोल लावतील. पण वर्षभर हे भांडण ऐकायला कुणाला सवड नसते, त्याला मी काय करू? ध्वनिमुद्रण हा माझा धंदा. दोन खोल्या, मध्ये जाड काच, भिंतींना कापूस आणि गाठीला पंचवीस वर्षांचा अनुभव. त्या अनुभवावरून सांगतो की ज्या माणसाला ढोलकी नीट मुद्रित करता येत नाही, तो ढोलकीवाल्याचा हिशेबही नीट करत नाही. दोन्हींचे मूळ एकच. ताल म्हणजे भिंत आणि गाणे म्हणजे तिच्यावरचे चित्र, अशी त्याची समजूत असते. भिंतीला कोण नाव विचारतो?

ह्या समजुतीला एके काळी निमित्त तरी होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. पत्र्याच्या भोंग्यात गायचे आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुईने मेण कोरायचे. भोंग्यासमोर जागा एकाच गळ्याची, साथीदार मागे. डग्ग्याचा खर्ज त्या यंत्राला पेलतच नसे. तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटे मिळत. त्या घाईत गौहरजानने शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारून घेतले, साथ करणाऱ्यांनी कुठे आणि कधी पुकारायचे? पण १९२५ पासून विजेचे मुद्रण आले. भोंगा गेला, खर्ज ऐकू येऊ लागला, अहमदजान थिरकवांच्या तबल्याच्या स्वतंत्र तबकड्या निघाल्या. सबब संपली, तिलाही आता शंभर वर्षे होत आली. सवय मात्र संपली नाही. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा, 'पिंजरा' १९७२ चा. संगीतकार वसंत पवार आणि राम कदम, हे घरातला शाळकरी मुलगाही सांगेल. त्या लावण्यांत ढोलकी कुणी वाजवली, हे फराळाच्या ताटावर एकदा विचारून पाहा. चकलीच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज येणार नाही.

माझ्याकडे गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "गाण्याला दोन दिवस ठेवू, ढोलकी काय, अर्ध्या तासात उरकू." इथेच मी हट्टाला पेटतो. ढोलकीला, तबल्याला, पखवाजाला खोलीत येऊन निदान अर्धा तास नुसते बसू द्यावे लागते. कातडे हवा ओळखते. पावसाळ्यात ते ओल धरते आणि सूर उतरतो. यंत्राने थंड आणि कोरड्या केलेल्या खोलीत ते आवळते आणि सूर चढतो. बाहेरच्या दमट हवेतून आलेली ढोलकी लगेच काळी चारला मिळवली, तर तिसऱ्या कडव्यापर्यंत ती गाण्याशी फारकत घेते. आणि मग हाच गिऱ्हाईक वादकाकडे बोट दाखवतो. हलगीवाला शेकोटी मागतो तेव्हा हसू नका. तो सूर मागत असतो. शहाणा वादक वेगवेगळ्या पट्टीच्या दोन-तीन ढोलक्या घेऊन येतो. त्या उचलायला रिक्षा लागते आणि रिक्षाला पैसे लागतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

मग मायक्रोफोन. नवशिका तो शाईच्या अगदी तोंडाशी नेऊन ठेवतो, जणू ढोलकी कानात कुजबुजणार आहे! तिथे नुसती टकटक मिळते. एक वीतभर मागे या, थोडा तिरपा धरा. म्हणजे बोटाचा आघातही येतो आणि त्यामागची आसही. उजव्या बाजूला एक, डाव्या खर्जाच्या बाजूला एक. परंतु दोन मायक्रोफोन म्हणजे दोन साक्षीदार, आणि त्यांच्या जबान्या जुळल्या पाहिजेत. आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे चौतीस सेंटिमीटर जातो; तेवढ्या फरकाने एकच थाप दोघांना वेगळ्या वेळी ऐकू आली, की एकाची लाट दुसरीला खाते आणि घुमारा नाहीसा होतो. म्हणून वाद्यापासून मायक्रोफोनचे जे अंतर, त्याच्या तिप्पट तरी अंतर दोन मायक्रोफोनांत ठेवावे. एकाची लाट उलटी करून पाहावी, आणि ज्या खेपेला खर्ज भरून येतो ती खेप ठेवावी. ह्याला पाच मिनिटे लागतात. ती वाचवणाऱ्यांनी मग यंत्रावर पाच तास घालवून खर्ज 'वाढवलेला' मी पाहिला आहे. जे पकडलेच नाही ते वाढणार कुठून?

आणखी एक. वादकाला आधी त्याचे सगळ्यांत जोरकस वाजवायला सांगा, आणि आवाजाची पातळी त्यावरून, वर भरपूर जागा राखून, ठरवा. आजच्या यंत्रात वरची मर्यादा ओलांडली की थापेचे शेंडे सपाट कापले जातात. ते पुन्हा उगवत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्याला गाणाऱ्याचा आवाज कानात नीट द्या. ढोलकी वाजवणारा शब्दाला उत्तर देत असतो. त्याच्या कानात नुसती घड्याळाची टिकटिक सोडली तर तोही घड्याळासारखाच वाजवील, आणि तुम्ही म्हणाल, रंगत नाही बुवा.

ह्यावर हल्लीचे उत्तर ठरलेले आहे. "एवढा खटाटोप कशाला? संगणकात हवी तेवढी ढोलकी तयार मिळते." मिळते ना! पण ती संगणकाने वाजवलेली नाही. कुठल्या तरी खोलीत कुणा जिवंत माणसाने एकेक बोल शंभर प्रकारांनी वाजवला, तो कापून, बरणीत भरून विकायला ठेवला आहे. लोणचे बरणीतून निघते म्हणून ते बरणीने घातले असे आपण म्हणत नाही.

ही बरणी भरण्यात माझाही हात आहे, तो लपवला तर मला हे लिहिण्याचा अधिकार राहणार नाही. २०१४ साली तमाशात उभी हयात काढलेले एक ढोलकीवाले माझ्याकडे वाजवायला आले. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ज्यांचे काम होते त्या मंडळींनी त्यांच्याकडून चार तास निरनिराळ्या चाली वाजवून घेतल्या. लावणीच्या, भारुडाच्या, गोंधळाच्या. मी पाकीट दिले आणि एका इंग्रजी कागदावर त्यांची सही घेतली. "काय लिवलंय साहेब?" त्यांनी विचारले. "पैसे पोचले एवढंच, अण्णा," मी म्हणालो. खोटे नव्हते, पण एवढेच नव्हते. जगभर, कायमचे, कशाही रूपात, असे त्यात पुढे बरेच होते. मी ते वाचले होते. पुढे तीन वर्षांनी निवडणुकीच्या एका प्रचारगीतात मला अण्णांची ढोलकी ऐकू आली. डाव्या हाताची ती ओढ दुसऱ्या कुणाची नव्हे. मग साबणाच्या जाहिरातीत, मग कुणाच्या तरी लग्नाच्या चित्रफितीत. चार तासांचे पाकीट, आणि ढोलकी अजून वाजतेच आहे.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत १९६९ साली 'विन्स्टन्स' नावाच्या वाद्यवृंदाच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमन ह्या ड्रमवाल्याने चार आवर्तनांचा तुकडा एकट्याने वाजवला. जेमतेम सहा-सात सेकंद. पुढे तोच तुकडा कापून हजारो गाण्यांत घातला गेला. त्यावर संगीताचे नवे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातले काही मिळाले नाही. २००६ साली तो कफल्लक स्थितीत वारला. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'वर वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डची कथा हीच. गाण्याच्या नावातच ड्रमवाला आहे, पण कर्ता म्हणून नाव ब्राउनचे! तथापि त्याच देशात आता डिजिटल रेडिओच्या रॉयल्टीची वाटणी कायद्याने ठरली आहे: शंभरातले पन्नास मुद्रणाच्या मालकाला, पंचेचाळीस मुख्य कलावंताला, आणि पाच साथीदारांना. पाच म्हणजे फार नव्हे. पण पाच म्हणजे शून्य नव्हे.

आपल्याकडे कायदा नाही काय? आहे, आणि वाटतो तेवढा वाईट नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली 'प्रयोग करणाऱ्या'चा हक्क आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्याला व्यापारी वापराची रॉयल्टी आणि आपले नाव लावून घेण्याचा हक्कही दिला. प्रयोग करणारा कोण, ह्याची यादी मोठी गमतीची आहे: नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, व्याख्याता आणि गारुडीसुद्धा. पण खाली एक परंतुक आहे. चित्रपटात ज्याचे काम किरकोळ वा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रूढीप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत वा कुठेच दिले जात नाही, तो ह्या हक्कांपुरता प्रयोग करणारा नव्हे. पुन्हा वाचा. पुंगीवाल्याला कायदा ओळखतो; ढोलकीवाल्याचे काम किरकोळ ठरवून त्याचे नाव गाळले, की त्याला बाहेर काढायला वाट मोकळी. आणि काम किरकोळ हे ठरवणार कोण? नाव न छापण्याची रूढी पाडली कोणी? ज्यांना पैसे द्यायचे आहेत त्यांनीच! म्हणून नाव छापणे ही मानापानाची हौस आहे असे मला कुणी सांगू नये. नाव म्हणजे पावती आहे.

वादकांनाही चार शब्द सुनावतो, कारण त्यांचे भाबडेपण आता मला परवडेनासे झाले आहे. "आपल्याला कागदपत्रांतलं काही कळत नाही" हे वाक्य तुम्ही अभिमानाने का उच्चारता? बत्तीस मात्रांची तिहाई समेवर आणता, आणि एका पानाचा करार वाचवत नाही? मागा तो करार, आणि मराठीत मागा. कोणते गाणे, किती तास, किती पैसे, केव्हा. पुन्हा वाजवायला बोलावले तर किती. आदल्या दिवशी रद्द केले तर किती. नाव कुठे येणार आणि कसे लिहिणार. तुकडे कापून अन्यत्र वापरायचे तर वेगळे पैसे. 'कायमचे' आणि 'सर्व हक्क' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा. एका वहीत दर कामाची तारीख, गाणे आणि घेणाऱ्याचे नाव लिहा. कुणी कर कापून पैसे दिले तर त्याचा दाखला मागून घ्या. तो परत मिळण्याजोगा असतो आणि कित्येकजण तो सोडून देतात. गायकांच्या हक्कांसाठी २०१३ साली निघालेल्या संस्थेने आता आपल्या नावात वादकही घेतले आहेत. तिथे नाव नोंदवा. पण तिथेही विचारणार हेच, की कोणत्या गाण्यात वाजवलेत, आणि पुरावा काय. वहीची आठवण तेव्हा होते.

आणि ज्या घरात तबल्याची परीक्षा देणारा मुलगा आहे त्या आईवडिलांना विचारतो: विशारद झाल्यावर तो ह्यावर पोट भरीन म्हणाला तर तुम्ही 'ह्यात पैसा नाही' म्हणून त्याला गप्प कराल. ह्यात पैसा नाही हे खोटे आहे. पैसा आहे, तो पत्रिकेच्या तळापर्यंत पोचत नाही. घरच्या मंगळागौरीला, मुंजीला, सोसायटीच्या गणपतीला गायिकेची बिदागी आधी ठरवून, ढोलकीवाल्याला मात्र "बघू हो नंतर" असे सांगणारे आपणच असतो की नाही?

निवडणुकीचे ते गीत ऐकल्यावर मी अण्णांचा पत्ता शोधत गेलो. गुडघे दुखतात, उभ्याने वाजवणे होत नाही म्हणाले. मी सगळे सांगितले, कागदात काय होते तेही. त्या मंडळींना मी पत्रे पाठवली होती. उत्तर आले नव्हते. त्या कामात मला जे मिळाले होते त्यातले अर्धे मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मोजले, डब्यात ठेवले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरे वाटले असते. मग म्हणाले, "कोणतं वाजवलंवतं त्यात? ते भारुडाचं? ते चांगलं वाजलंवतं."

पुढच्या पावसाळ्यानंतर ते माझ्याकडे आणखी एकदा वाजवायला आले, बसून. ह्या वेळी करार मराठीत होता आणि मी तो मोठ्याने वाचून दाखवला. खाली नावांचा तक्ता होता: गीत, संगीत, गायन, ढोलकी. त्यांनी आपले नाव तपासले, एक वेलांटी दुरुस्त करायला लावली, आणि तक्त्यावर बोट फिरवीत विचारले, "पुडी कुनी चढवली ते कुठं लिवायचं?"

तसा रकाना नव्हता. मी पट्टी घेतली आणि खाली आणखी एक रेघ ओढली.