तिसरा 'गॉडफादर' आणि मायकेलची बडबड

'गॉडफादर'च्या गप्पा पहिल्या दोन भागांवर रंगतात. तिसऱ्याचं नाव निघालं की मंडळी जरा कानकोंडी होतात आणि ठरलेली दोन कारणं पुढे करतात. एक म्हणजे सोफिया कपोलाचं काम. विनोना रायडरने ऐनवेळी सिनेमा सोडला आणि फ्रान्सिस फोर्ड कपोलाने स्वतःच्या लेकीलाच मेरी म्हणून उभं केलं. दुसरं, मानधनावरून फिसकटल्यामुळे रॉबर्ट ड्यूव्हॉल, म्हणजे आपला टॉम हेगन, त्यात नाही.

दोन्ही गोष्टी खऱ्या. व्हॅटिकनची बँक आणि 'इमोबिलियारे'चे शेअर्स हे प्रकरणही डोक्यावरून जातं, तेही मान्य. पण मला विचाराल तर खरं दुखणं निराळंच आहे. तिसऱ्या भागात मायकेल फार बोलतो!

पहिला भाग (१९७२) आठवा. के विचारते, मेहुण्याला तू मारवलंस का? मायकेल तिच्या डोळ्यांत बघून धडधडीत नाही म्हणतो. मग पलीकडच्या खोलीत माणसं त्याचा हात चुंबतात आणि तिच्या तोंडावर दार बंद होतं. बस्स. दुसऱ्या भागात (१९७४) सख्खा भाऊ फ्रेडो तळ्यात होडीवर प्रार्थना पुटपुटत बसलाय आणि मायकेल घरातून बघतोय. गोळीचा आवाज येतो. शेवटी मायकेल एकटा बसलेला दिसतो, तोंडातून अवाक्षर नाही. त्याची शिक्षा तिथेच पूर्ण झाली होती. आता आणखी काय सांगायचं उरलं होतं?

१९९० च्या तिसऱ्या भागात मात्र तो कार्डिनलपुढे पापाची कबुली देऊन रडतो. साखर उतरल्यावर फ्रेडोच्या नावाने ओरडतो. के ला समजावतो. डॉन तोमासिनोच्या शवपेटीपाशी बसून, लोकांनी तुझ्यावर माया केली आणि मला मात्र भ्यायले, असं का, म्हणून विचारतो. जे आपण त्याच्या चेहऱ्यावर वाचलं होतं, ते आता तोच आपल्याला वाचून दाखवतो.

आणि हे सगळं करताना सोडतो काय? काहीच नाही. कबुलीनंतरही गादी पुतण्याकडे जाते आणि मुडदे पडतच राहतात. आपल्याकडे म्हणतात ना, करून करून भागला नि देवपूजेला लागला! असा माणूस दाखवायला माझी हरकत नाही. पण सिनेमाने त्याच्याकडे कठोरपणे बघायला हवं होतं. पहिल्या दोघांनी ते केलं. तिसरा त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसतो आणि आपल्याकडूनही त्याच्यासाठी माफी मागून घेतो. माझ्याच्याने नाही देववत.

गंमत म्हणजे याच सिनेमातला सर्वांत जबरदस्त क्षण मुका आहे. पालेर्मोच्या ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मेरीला गोळी लागते. अल पचिनोचं तोंड उघडतं, आणि आवाजच नाही, नुसतं संगीत. तेवढी काही सेकंदं हा तिसरा भाग पहिल्या दोघांच्या पंगतीत बसतो.

२०२० मध्ये कपोलाने हा भाग नव्याने संकलित केला. नाव बदललं, सुरुवात बदलली, शेवटी मायकेल मरतानाही दाखवला नाही. आवृत्ती जास्त आटोपशीर झालीये, जरूर बघा. पण कबुल्या बहुतेक तशाच आहेत. ज्याने भावाला मारलं त्याने गप्प बसावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

असो. तिसरा भाग आवडणारी मंडळी असतीलच. तुमचं म्हणणं ऐकायला आवडेल.