रोपांचे हिशेब आणि किनाऱ्याचे दिवाळे

पावसाळा तोंडावर आला की शासनाला झाडांचा उमाळा येतो. किती खड्डे खणले, किती रोपे लावली, किती हेक्टर क्षेत्र ‘हरित’ झाले, याचे आकडे जिल्ह्याजिल्ह्यांतून मंत्रालयाकडे धावू लागतात. त्यांतली किती रोपे तिसऱ्या पावसाळ्यात उभी होती, हा रकाना मात्र शोधूनही सापडत नाही. इतरत्र हा प्रकार हसण्यावारी नेता येईल. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर तो घातक आहे; कारण तेथे रोपांची संख्या हे आता एक चलन झाले आहे, आणि त्या चलनात खाडीची किंमत चुकती करता येते, असा समज राज्यकर्त्यांनी रूढ केला आहे.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील कांदळवनाची सुमारे २२ हजार झाडे तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. मूळ आकडा ५३ हजारांवर होता. तो खाली आणला आणि एका झाडामागे पाच रोपे लावण्याची हमी दिली, म्हणून प्रकल्पाच्या समर्थकांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. एकास पाच! कोणत्याही सावकाराच्या वहीत इतका उदार हिशेब आढळायचा नाही. परंतु अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील की, ज्यांची अदलाबदल चालली आहे त्या दोन वस्तू समान तरी आहेत काय? वाढलेल्या तिवराच्या मुळांत कोळंबी, खेकडे व मासळीची पिल्ले पोसली जातात. लाटेचा मार तेथे मोडतो. रोप ही केवळ एक शक्यता असते, आणि ती शक्यता दुसऱ्याच तालुक्यातल्या खाडीत रुजवली, तर जिची टोपली रिकामी झाली त्या मच्छीमार बाईच्या पदरात काय पडते?

शिवाय कांदळवन असे हुकमाने उभे राहत नाही. भरतीचे पाणी किती चढते व किती वेळ थांबते, चिखल कसा आहे, गोडे पाणी कोठून येते, यावर तिवर कोठे रुजेल, चिप्पी कोठे आणि कांदळ कोठे हे ठरते. हे न पाहता ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कोणत्याही चिखलात एकाच जातीची रोपे रोवली की काय होते, ते श्रीलंकेने दाखवून दिले आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तेथील खाजणांत आणि खाडीमुखांत हजार ते बाराशे हेक्टरांवर लागवड झाली. पुढे संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा जेमतेम दोनशे हेक्टरांच्या आसपास ती यशस्वी ठरलेली आढळली. उलट, भराव वा बांध घालून अडवलेले भरतीचे पाणी मोकळे केले, तर तरंगत येणारे बी पुष्कळ ठिकाणी आपण होऊन रुजते. वर तलासरीचे डोंगर उघडे पडले की त्यांची माती ओढ्यानाल्यांनी खाली वाहते आणि तिचा थर जाड झाला की तिवराची श्वासमुळे गुदमरतात. डोंगर आणि खाडी हा असा एकच प्रश्न आहे. तो दोन खात्यांत वाटला म्हणून दोन होत नाही.

वाळूच्या किनाऱ्याची कथा याहून वेगळी नाही. तेथे वर्षानुवर्षे सुरूच्या रांगा लावल्या गेल्या. सुरू झपाट्याने वाढतो, सरळ ओळीत शोभतो आणि पाहणीला आलेल्या साहेबास मोटारीतूनही मोजता येतो. परंतु हा वृक्ष बाहेरून आणलेला. त्याच्या गळालेल्या पानांच्या गादीखाली दुसरे काही सहसा उगवत नाही. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल व रावणाच्या मिशा, त्यामागे केवडा, निरगुडी, उंडी, करंज ही किनाऱ्याची जुनी तटबंदी. ती पायरीपायरीने उभी राहते, म्हणून अहवालात चटकन दिसत नाही. आणि जे अहवालात दिसत नाही ते नोकरशाहीच्या लेखी अस्तित्वातच नसते.

यावर एक ठरीव आक्षेप येतो: तिवरे तर गावचे लोकच सरपणासाठी तोडतात, त्यांच्या हाती रखवाली कशी द्यावी? सरपणाची तोड खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मोळीचे माप आणि बंदराचे माप एकाच तराजूत घालणे ही लबाडी होय. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, आणि समुद्रात भराव १,४४८ हेक्टरांचा. याच वाढवणला १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. तेव्हा न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, हा त्या नकाराचा आधार होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने अटी घालून होकार दिला. पंचवीस वर्षांत किनारा कणखर झाला काय? बदलली ती सत्तेची निकड.

राहता राहिला रोजगार. लागवडीचाही रोजगार असतो. प्रश्न तो कोणत्या नात्याने मिळतो हा आहे. १९४५ साली या दोन तालुक्यांतला वारली वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी उठला, तेव्हा जंगल त्याच्या घामाने तुटत होते आणि त्याची मिळकत ठेकेदाराच्या घरी जात होती. आज त्याच्याच नातवाने मजूर म्हणून खड्डे खणावेत, कोणते झाड कोठे लावायचे हे दुसऱ्याने ठरवावे, आणि वाढलेल्या झाडावर त्याचा हक्क नसावा, ही जुनीच व्यवस्था नव्या नावाने चालू ठेवणे आहे. २०१७ पासून राज्यात कांदळवन संरक्षण व उपजीविका योजना आहे. गावसमित्यांमार्फत खेकडेपालन, कालवेपालन असे उद्योग तीत चालतात. पाऊल योग्य आहे. परंतु योजना ही देणगी असते. देणारा हात आखडला की ती संपते. हक्काचे तसे नसते.

आणि हक्काचा कायदा हाताशी आहे. डहाणू व तलासरी ही पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रे आहेत. १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणास समर्थ मानतो. २००६ चा वनहक्क कायदा सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व पुनरुज्जीवन हा गावाचा अधिकार ठरवतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी निवेदनांवर न थांबता गावोगाव चार गोष्टी धराव्यात. किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या ग्रामसभांनी एकत्र बसून खाडीचा व तिच्या नाल्यांचा नकाशा तयार करावा: पाणी कोठे अडले, माती कोठून येते, पूर्वी कोणती झाडे होती. जेथे कायदा लागू होतो तेथे सामूहिक हक्काचे दावे दाखल करावेत. स्थानिक जातींच्या रोपवाटिका गावच्या बायांच्या गटांकडे असाव्यात आणि मोबदल्याचा मोठा हिस्सा तिसऱ्या वर्षी जगलेल्या झाडांवर मिळावा. भरपाईच्या लागवडीचा पैसा ज्या खाडीचे नुकसान झाले तिच्याच गावांत, ग्रामसभेच्या ठरावाने खर्च व्हावा.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. लावलेली पाच रोपे हा उभी खाडी बुजवण्याचा परवाना ठरता कामा नये. जे आहे ते आधी राखायचे, जे बिघडले ते मग सावरायचे, हा क्रम उलटा करणारी प्रत्येक योजना, तिच्यावर कितीही हिरवा रंग फासला तरी, किनाऱ्याच्या दिवाळखोरीवर केलेली सही आहे. ती सही ग्रामसभेच्या नावाने होऊ द्यायची की नाही, हे ठरवणे अजून डहाणू-तलासरीच्या माणसांच्या हातात आहे.