आपला जॉनचाचा



या खेपेस ‘बूट पॉलिश’ या १९५४ सालच्या हिंदी चित्रपटाविषयी. काढला राज कपूरने, पण माझ्या मते चित्रपट खरा डेव्हिडचा. मुलांनो, हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर आपल्या बेने इस्राएल समाजातले. आडनाव कोकणातल्या चेऊल गावावरून. तुमचं ‘कर’ कुठल्या गावाचं, ते आजोबांना विचारा.

गोष्ट साधी. भोला आणि बेलू या पोरक्या भावंडांना काकू भीक मागायला लावते. जॉनचाचा सांगतो, हात पसरू नका, काम करा. पोरं पैसे साठवून पॉलिशचं सामान घेतात. मग लागतो पाऊस! पावसात बूट कोण पॉलिश करून घेणार?

मला आवडतं ते हे, की चाचा काही साधुसंत नाही. चोरून दारू विकतो, तुरुंगातही जातो. तरी पोरांना वाट नीट दाखवतो. डेव्हिडना या कामाबद्दल फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. शेवट मात्र मला पटत नाही. श्रीमंताघरी दत्तक जाऊनच सुटका व्हायची, तर त्या मेहनतीचं काय?

आजी-आजोबांनो, नातवंडांना भाषा कळत नाही म्हणून कुरकुरू नका. शेजारी बसवा, मध्ये मध्ये थांबवून हिब्रूत सांगा. शेवटी एवढंच विचारा, की भर पावसात उपाशी बेलूने भीक घेतली तर तिला रागवावं का? मी तरी नाही रागावणार, आधी जेवू घालीन. तुमची मुलं काय म्हणतात, ते जरूर कळवा.