रांगोळीचा डबा

दर दिवाळीला या सदरात मी आमच्या घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूची हकिकत सांगत असतो. यंदा पितळी समईची सांगायची ठरवली होती. तसे संपादकांना कळवलेही होते. पण दसरा झाला, घरात साफसफाई निघाली, माळ्यावरून डालड्याचा एक जुना डबा खाली आला, आणि समई बिचारी मागे राहिली.

डब्यात काय आहे ते कुणालाच आठवेना. गिरगावातली चाळ सोडून ठाण्याला येताना जी बोचकी न उघडताच माळ्यावर गेली, त्यांतल्याच एकात तो होता. झाकण उघडायला अर्थातच आमची आठ वर्षांची नात पुढे. आत पांढरट, राखी भुकटी. "आजी, रांगोळी!" असे ओरडून ती चिमूट उचलणार, तोच आमच्या सौ.च्या नाकाने तिला वाचवले. ओल लागलेल्या पोत्याला यावा तसा तो कुबट वास ज्याने एकदा घेतला तो जन्मात विसरत नाही.

"अहो, हे तर गॅमॅक्सिन!" सौ. म्हणाली, आणि नातीचा हात धरून तिला न्हाणीघराकडे घेऊन गेली.

चाळीत वाढलेल्या वाचकांना हे नाव नव्याने सांगायला नको. रविवारी खाटा गच्चीवर न्यायच्या, फटींत उकळते पाणी ओतायचे आणि मग गादीखाली ही भुकटी भुरभुरायची, हा ढेकणांवरचा सर्वमान्य इलाज होता. मुंग्यांच्या वाटेवर तीच, झुरळांच्या मोरीत तीच. १९८२ साली आमच्या चिरंजीवांच्या लोखंडी पाळण्याच्या चारही पायांभोवती मी स्वतःच्या हाताने तिचे कडे घातले होते. रांगोळी घालावी इतके नेटके! आणि त्याच दिवशी शाळेत जाऊन दहावीच्या वर्गाला रसायन शिकवले असणार, कारण माझा पेशाच तो.

तेव्हा थोडे रसायन सांगतो. जुनी खोड, जात नाही.

मायकेल फॅरडेने १८२५ साली बेंझीन शोधून काढले, आणि त्याच वर्षी उन्हात त्याच्यावर क्लोरीन सोडून हा पदार्थ बनवला. तो कीटक मारतो याची त्याला कल्पनाही नव्हती. पुढे १९१२ साली व्हॅन डर लिंडेन नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की हा पदार्थ एक नसून अनेकांचे कडबोळे आहे. सहा कार्बनचे एक कडे, प्रत्येक कार्बनला एक क्लोरीन आणि एक हायड्रोजन. साहित्य तेच, मोजमाप तेच, फक्त मांडणी निराळी. बेसन, तूप, साखर या तिघांतून मऊ लाडूही होतो आणि दाताची परीक्षा घेणारा म्हैसूरपाकही होतो, तसेच काहीसे. अशा भावंडांना आम्ही समघटक म्हणतो. त्यांची नावे अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी.

यांतला कीटक मारणारा खरा गडी एकटा गॅमा. १९४० नंतरच्या काही वर्षांत ते कळले आणि गॅमॅक्सिन हे नाव त्याच्यावरूनच पडले. शुद्ध गॅमाला लिंडेनवरून ‘लिंडेन’च म्हणतात. पण कारखान्यातून निघणाऱ्या मालात तो असायचा शंभरात दहा ते पंधरा भाग. अल्फा साठ-सत्तर भाग, बीटा पाच ते बारा, उरलेले इतर. म्हणजे रुपयातले दोन आणे कामाचे आणि चौदा आणे नुसते बरोबर आलेले! गॅमा वेगळा काढावा, तर एक टन लिंडेनमागे आठ ते बारा टन उरलेला माल. तो जगभर कारखान्यांच्या आसपास पुरला गेला किंवा उघड्यावर टाकला गेला. आपल्याकडे लखनौजवळच्या उम्मरी गावात असा साठा आहे. तिथल्या मातीवर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे काम करीत आहेत.

आता खरी गोम. कामाचा गॅमा लवकर मोडतो. भाताच्या पाणथळ खाचरात तर फारच लवकर. शरीरातूनही तो थोड्या दिवसांत जातो. अल्फा हवेवर स्वार होऊन थेट उत्तर ध्रुवाकडे पोचतो. आणि बीटा? ज्याने एक ढेकूणही धड मारला नाही, तो ठाण मांडून बसतो. त्याचे सहाही क्लोरीन कड्याच्या बाहेरच्या अंगाला पसरलेले असतात. रेणू मोडायचा तर क्लोरीन आणि शेजारचा हायड्रोजन एकमेकांच्या बरोबर उलट दिशांना असावे लागतात. बीटाच्या मांडणीत तशी जोडी एकही नाही. पाण्यात तो विरघळत नाही म्हटले तरी चालेल. चरबीत मात्र उत्तम विरघळतो. माणसाच्या अंगात शिरलेला बीटा निम्मा व्हायला सुमारे सात वर्षे लागतात.

हे सारे मी उत्साहाने सांगत होतो. सूनबाई पाच महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होती. ती यवतमाळकडची, कपाशीच्या मुलखातली, १९८८ चा जन्म. तिने शांतपणे विचारले, "बाबा, चरबीत विरघळतो म्हणजे दुधात उतरत असेल ना?"

मास्तरकी तिथेच संपली.

उतरतो. खोटे कसे सांगणार? १९७० च्या सुमारास जपानात गाईच्या दुधात बीटा सापडला, तो भाताच्या पेंढ्यातून आला होता. शेतात मारलेली पूड पेंढ्यावर, पेंढा गाईच्या पोटात, आणि तिथून दुधात. आयांच्या दुधातही तो निघाला. जपानने १९७१ साली हे औषध बंद केले. ओसाका भागात १९७२ पासून आयांचे दूध तपासत गेले, तर आकडा वर्षामागून वर्ष खाली येत गेला. आपल्याकडे १९५२ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे याचा कारखाना निघाला आणि बंदी आली ती १ एप्रिल १९९७ ला. तोवर देशात सुमारे दहा लाख टन पूड पडली असा अंदाज आहे. सुटे लिंडेन त्यानंतरही चालू होते. त्याचे उत्पादन २०११ साली आणि वापर २०१३ साली थांबला. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले.

सूनबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाळाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, दूध मुळीच तोडायचे नाही. आईच्या दुधाचा फायदा या असल्या उरल्यासुरल्या अंशाच्या धोक्याहून फार मोठा आहे. सूनबाईचा चेहरा थोडा उजळला.

घरी आल्यावर चिरंजीवांनी स्वतःचा हिशेब मांडायला लावला. १९८२ पासून सात-सात वर्षांनी निम्मे, म्हणजे सहा वेळा निम्मे. मध्यंतरी अन्नातून आलेले सोडले, तर पाळण्यातले उरले चौसष्टावा भाग.

"म्हणजे रुपयातला एक पैसा," सौ. चटकन म्हणाली. तिच्या आईच्या हिशेबात रुपयाचे पैसे चौसष्ट.

"एक पैसा का होईना, बाबांनी दिलेला!" चिरंजीव हसत म्हणाले. मला हसू आले नाही. सौ.ने ते पाहिले, आणि "तेव्हा कुणाला ठाऊक होतं?" म्हणून चहा ठेवायला उठली. १९८२ मध्ये मला ठाऊक नव्हते हे खरे आहे. पण जपानने ते अकरा वर्षे आधी बंद केले होते हेही खरे, आणि वर्गात समघटक शिकवणाऱ्या माणसाने पुड्यावरचे नाव एकदा तरी वाचायला हवे होते.

आता प्रश्न डब्याचा. मोरीत ओतायचा नाही, कुंडीत पुरायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. जाळल्याने याहून वाईट विषे निघू शकतात. २०१६ सालच्या घनकचऱ्याच्या नियमांत घरातल्या घातक कचऱ्याचे वेगळे केंद्र असावे असे लिहिले होते. मी डबा दोन पिशव्यांत बांधला, हातमोजे फेकले, आणि चौकशीला निघालो. घंटागाडीवरचा पोरगा म्हणाला, "काका, ओला का सुका?" कचेरीतल्या गृहस्थांनी आधी औषधविभागाकडे धाडले, तिथून आरोग्याकडे, आरोग्याने पुन्हा कचऱ्याकडे. शेवटी एका भल्या माणसाने नाव-पत्ता लिहून घेतला.

तोवर डबा बाल्कनीतल्या कपाटात, कुलपात आहे. नातीने वहीचा कागद फाडून, लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहून त्यावर चिकटवला आहे : ‘ही रांगोळी नाही.’ त्या भल्या माणसाने मंगळवारी फोन करतो म्हटले होते. त्याला आता तीन मंगळवार झाले.