ताप पुन्हा का येतो, हे विचारा!

वस्तीतल्या लेकराला वर्षात तीनदा न्यूमोनिया होतो, कान सतत वाहतो. दवाखाना दर वेळी औषध देऊन घरी पाठवतो. पुढे मानेत गाठी येतात आणि तपासणीत रक्ताचा कर्करोग निघतो. लोक म्हणतात, नशीब! आम्ही म्हणतो, हे नशीब नव्हे. याला कारण आहे.

काही मुलांची रोगप्रतिकारशक्ती जनुकातील दोषामुळे जन्मतःच अपुरी असते. अशा काही विकारांत लिम्फोमा आणि ल्युकेमियाचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. निरोगी शरीर ज्या एपस्टाईन-बार विषाणूला दाबून ठेवते, तोच इथे पेशींना बेफाम वाढवतो. अमेरिकेतला डेव्हिड व्हेटर हा मुलगा बारा वर्षे प्लास्टिकच्या निर्जंतुक कक्षात जगला. १९८३ साली त्याला बहिणीची अस्थिमज्जा देण्यात आली. तिच्यात हाच विषाणू दडलेला होता. १९८४ मध्ये लिम्फोमाने त्याचा बळी घेतला.

मूळ दोष ठाऊक नसेल तर उपचारही घात करतो. अ‍ॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया असलेल्या मुलाला किरणोपचाराची नेहमीची मात्रा सोसत नाही. उलट विस्कॉट-ऑल्ड्रिच हा विकार वेळीच ओळखला, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने तो मुळातून बरा होऊ शकतो. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून सासरी तिलाच बोल लावला जातो. जनुकाचा दोष हा बाईचा गुन्हा नव्हे!

परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथे या विकारांचे निदान होते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात हे विकार आहेत. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. केईएम हे त्या धोरणाखालील केंद्र आहे. पण निदानच झाले नाही, तर अर्ज कोणत्या आजाराचा करायचा?

दुर्मीळ आजाराच्या एका गरीब मुलाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कलम २१ चा आधार घेऊन सरकारला मोफत उपचार देण्यास सांगितले. घटनेने दिलेला जगण्याचा हक्क पैसेवाल्यांपुरता नाही. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून अशा मुलांचे रक्तनमुने तपासणीसाठी पाठवण्याची सोय सरकारने करावी. आणि कार्यकर्त्यांनो, वस्तीत असे लेकरू दिसले तर आईबापासोबत दवाखान्यात जा. "प्रतिकारशक्तीची तपासणी केली का?" एवढे विचारा. उत्तर लेखी मागा.