एक्स-रेला नियम, धुळीला मोकळीक

दातांच्या दवाखान्यातील एक्स-रे यंत्रावर सरकारचे लक्ष असते. त्याच दवाखान्यासाठी कॅप, ब्रिज आणि कवळ्या बनवणाऱ्या डेंटल लॅबमधील धुळीकडे मात्र कोणी पाहत नाही. दंतवैद्यकातील कामगारांना कर्करोगाचा धोका दोन्हीकडे आहे; संरक्षण एकीकडेच आहे.

एक्स-रेचा धडा मोठी किंमत मोजून मिळाला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ पासून या किरणांचा वापर सुरू केला. पुढे त्यांच्या हाताला कर्करोग झाला, बोटे आणि अखेर हात गमवावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. आज भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्गाची मर्यादा घातली आहे. रुग्णाच्या तोंडातील फिल्म बोटाने धरून ठेवणे निषिद्ध मानले जाते.

लॅबमधले काम वेगळे. मेणाचा नमुना ‘इन्व्हेस्टमेंट’ या उष्णता सोसणाऱ्या मिश्रणाच्या साच्यात बसवतात, भट्टीत मेण जाळतात आणि पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झालेला साचा फोडला की क्वार्ट्‌झ आणि क्रिस्टोबलाइटची, म्हणजे स्फटिकी सिलिकाची, धूळ उडते. मग सँडब्लास्टिंग आणि त्यानंतर मायक्रोमोटरने घासणे. टेक्निशियनचा चेहरा कामापासून वीतभर अंतरावर असतो. ओतकाम सुबक व्हावे म्हणून काही निकेल-क्रोमियम मिश्रधातूंत बेरिलियम घालतात. तेही या धुळीत उतरते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये बेरिलियम आणि १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकली.

१९४८ च्या दंतवैद्य कायद्याने डेंटल मेकॅनिकच्या नोंदणीची तरतूद केली, पण नोंदणीने हवा शुद्ध होत नाही. कारखाना कायद्याला कामगारसंख्येची किमान अट होती, त्यामुळे मोजक्या माणसांच्या लॅब त्यातून सुटत. याउलट, अमेरिकेने २०१७ मध्ये कामाच्या जागेच्या हवेतील बेरिलियमची मर्यादा घनमीटरला २ मायक्रोग्रॅमवरून ०.२ वर आणली.

उपाय माहीत आहेत, त्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी घातक धातूच टाळावा: दंतधातूंच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बेरिलियम ०.०२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. मग साचा ओला करून फोडणे, बंद पेटीत सँडब्लास्टिंग आणि बेंचवरच धूळ ओढून घेणारी यंत्रणा. कोरड्या झाडूला बंदी. एन-९५ मास्क सर्वांत शेवटी; साधा सर्जिकल मास्क या बारीक धुळीला पुरत नाही. आजार अनेक वर्षांनी, बहुधा नोकरी बदलल्यावर दिसतो. म्हणून छातीची नियमित तपासणी हवी आणि तिच्या नोंदी कामगाराच्या हाती राहायला हव्यात.

कामगार विभागाने आकार न पाहता प्रत्येक लॅबला हे नियम लागू करावेत. दंतवैद्यांना तर त्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. लॅबला ऑर्डर पाठवताना बेरिलियममुक्त धातूची अट घालणे आणि त्याची जी वाढीव किंमत होईल ती देणे त्यांच्याच हातात आहे.